कोअर प्लग बसवताना कड कशी जपायची

इंजिनच्या ब्लॉकच्या अंगावर पत्र्याच्या छोट्या वाट्या ठोकून बसवलेल्या दिसतात. हे कोअर प्लग. दुकानात बरेच जण त्यांना डमी म्हणून मागतात. ब्लॉक ओतताना आत पाण्याच्या वाटा राहाव्यात म्हणून वाळूचा गाभा ठेवलेला असतो. त्या गाभ्याला आधार देण्यासाठी आणि नंतर वाळू बाहेर काढण्यासाठी जी भोकं राहतात, ती या प्लगने बंद करतात. पाणी गोठलं तर प्लग बाहेर पडतो आणि ब्लॉक वाचतो, असंही सांगितलं जातं. तो काही भरवशाचा बचाव नव्हे, आणि सोलापुरात पाणी गोठण्याचा प्रश्नच येत नाही.

आपल्याकडे प्लग जातो तो गंजाने. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं क्षाराचं पाणी वर्षानुवर्षं ओतलं जातं, ब्लॉकच्या तळाशी लालसर गाळ साचतो आणि पांढरा थर धरतो. प्लगचा पत्रा जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा असल्यामुळे गाळाखाली गंज चढला की सगळ्यात आधी तोच आरपार खातो. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसतं तेव्हा आतून निम्मा प्लग संपलेला असतो. ऊसवाहतुकीच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा प्लग असा गेला, तर एम-सील (कालवून लावायची लांबी) लावून दिवस काढायचा मोह होतो. गरम-थंड होणाऱ्या ओल्या पत्र्यावर ते टिकत नाही. वेल्डिंग तर मुळीच करू नका. ओतीव लोखंडाला एका जागी उष्णता दिली की ब्लॉकला तडा जाण्याची भीती असते, आणि शंभर-दोनशे रुपयांच्या कामापायी ब्लॉक गमवावा लागतो.

हा भाग कशावर पाणी अडवतो ते नीट समजलं की पुढचं सगळं काम सोपं होतं. वाटीसारख्या प्लगची भिंत सरळ नसते, तोंडाकडे ती किंचित बाहेर उघडत जाते. सगळ्यात मोठा व्यास तोंडाच्या कडेला असतो. प्लगचा बंद भाग आत आणि उघडं तोंड बाहेर, असा तो भोकात जातो. ती बाहेरची कड भोकाच्या भिंतीवर दाबून बसते आणि तीच पाणी अडवते. म्हणून हातोडीचा मार कडेवर कधीच पडू द्यायचा नाही. कड एका जागी चेपली किंवा आत वळली की तिथून पाणी येणारच, वर कितीही सिलंट (फट बुजवायची पेस्ट) फासा.

प्लग घेताना

जुना प्लग काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या: तोंड कुठल्या बाजूला आहे, ब्लॉकच्या पृष्ठभागापासून तो किती आत बसला आहे. काही इंजिनांत उलट्या घडणीचा प्लग असतो, ज्याचा मोठा व्यास तळाकडे असतो आणि बंद बाजू बाहेर दिसते. काहींत बशीसारखी नुसती फुगीर चकती असते. तिन्ही बसवायची रीत वेगवेगळी आहे, तेव्हा आहे तोच प्रकार आणा.

माप जुन्या प्लगवरून घेऊ नका, तो काढताना वाकलेला असतो. भोक साफ केल्यावर व्हर्नियरने (सरकत्या मापपट्टीने) दोन दिशांनी, काटकोनात, व्यास मोजा. दोन मापांत ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर भोक लंबगोल झालेलं आहे आणि नुसत्या ठोकण्याने ते काम व्हायचं नाही. ३५ ते ४५ मिमीच्या वाटीच्या प्लगची कड भोकापेक्षा साधारण ०.१५ ते ०.३ मिमी मोठी असते. तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये माप दिलेलं असेल तर तेच धरा. प्लग हाताने दाबून पूर्ण आत जात असेल तर तो लहान आहे, परत करा. फार मोठा प्लग घुसवला तर भिंतीला आतून सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतून पाणी झिरपतं.

धातूचंही थोडं बघा. जस्ताचा मुलामा दिलेला साधा पोलादी प्लग स्वस्त असतो आणि ओतीव लोखंडाच्या ब्लॉकमध्ये चांगला बसतो, पण नुसतं पाणी वापरणाऱ्याच्या इंजिनात तो पुन्हा गंजणार. पितळी प्लगला लोखंडासारखा गंज चढत नाही. पितळ लोखंडापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे इंजिन तापलं की तो उलट घट्ट होतो: ३५ मिमीच्या प्लगला ७० अंशांच्या वाढीत सुमारे ०.०२ मिमी. त्याचा तोटा एवढाच की तो मऊ असतो, चुकीच्या जागी पडलेला एक घावही त्याला पुरतो. स्टेनलेस स्टीलचा प्लग टिकाऊ खरा, पण कडक असल्याने भोकातली खाचखळगी तो भरून काढत नाही. भोक अगदी गुळगुळीत असेल तरच तो घ्यावा. सोलापूर जिल्ह्यातल्या पाण्याचा विचार केला तर ओतीव लोखंडाच्या ब्लॉकसाठी पितळी प्लगला आमची पसंती. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये मात्र कंपनीने दिलेल्या धातूचाच प्लग ठेवा. तिथे ब्लॉक प्लगपेक्षा जास्त फुगतो, पोलादी प्लगची पकड तापल्यावर तेवढ्याच मापात जवळपास ०.०३ मिमीने कमी होते आणि कंपनीने ते धरूनच जादा माप ठरवलेलं असतं.

एक प्लग लागत असेल तर दोन आणा. वाकडा गेलेला प्लग फेकूनच द्यावा लागतो. शिवाय एक फुटला म्हणजे बाकीचेही त्याच पाण्यात तितकीच वर्षं होते, हात पोचतील तेवढे सगळे एकदमच बदलून टाका.

जुना काढणं

इंजिन पूर्ण थंड हवं. गरम इंजिनच्या रेडिएटरची कॅप उघडू नका. रेडिएटर आणि ब्लॉक दोन्हींचे ड्रेन उघडा. नुसता रेडिएटर रिकामा केला तर ब्लॉकमधलं पाणी प्लग हलताच अंगावर येतं. कूलंट असेल तर भांड्यात धरा. त्याची चव गोडसर असते आणि ते विषारी असतं. वस्तीवर कुत्रं किंवा वासरू ते पिऊ शकतं, म्हणून जमिनीवर सोडू नका.

प्लगच्या तळाला, मध्यभागी नव्हे तर एका कडेजवळ, बोथट पंच लावून बेताने ठोका. ती बाजू आत जाते, समोरची बाहेर येते आणि प्लग भोकातल्या भोकात आडवा होतो. मग बाहेर आलेली बाजू वॉटर पंप प्लायरने धरून फिरवत ओढून घ्या. जोर आवरून वापरा. प्लगच्या मागे थोड्याच अंतरावर सिलिंडरची भिंत किंवा लायनर (सिलिंडरमध्ये बसवलेली नळी) असतो, त्यावर पंच आदळला तर वेगळंच काम निघतं. प्लग आत पडला तर तो तिथेच सोडून वर नवा बसवायचा नाही. आत सुटा राहिलेला पत्रा पाण्याची वाट अडवतो आणि लायनरवर घासत राहतो.

गंजून घट्ट बसलेल्या प्लगला ४-५ मिमीचं भोक पाडून त्यात पत्र्याचा स्क्रू फिरवा आणि स्लाइड हॅमरने (दांडीवर सरकतं वजन मागे आपटून ओढणाऱ्या हत्याराने) ओढा. ड्रिलच्या पात्याला ग्रीस लावलं की बराच चुरा त्याला चिकटून येतो. पातं आरपार होताच थांबता यावं म्हणून त्यावर टेप गुंडाळून खूण करा.

प्लग निघाला की लगेच नव्याला हात घालू नका. आत बोट किंवा वाकवलेली तार घालून गाळ खरवडा आणि पाण्याचा पाइप लावून वरून खाली धुऊन घ्या. शेवटच्या सिलिंडरच्या तळाशी तो सगळ्यात जास्त साचतो. गाळ तसाच राहिला तर तिथली उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि नवा प्लगही त्याच गाळाखाली सडायला लागतो. आतून गढूळ पाणी यायचं थांबेपर्यंत धुवा.

भोकाची तयारी

जुना सिलंट आणि गंज काढायला १२० नंबरचा पॉलिश पेपर आणि शेवटी २४० पुरतो. पेपर बोटाभोवती गुंडाळून भोकाच्या घेराने गोल फिरवा. आत-बाहेर असा घासू नका. घेराने पडलेला बारीक ओरखडा कडेखाली झाकला जातो. आत-बाहेर पडलेला ओरखडा म्हणजे पाण्याला बाहेर यायची सरळ वाट. कानस आणि ग्राइंडर या जागेपासून लांब ठेवा. तोंडाच्या चॅम्फरवर (तिरप्या कापलेल्या कडेवर) बर, म्हणजे धातूची धारदार कोर, असेल तर ऑइलस्टोनने (धार लावायच्या दगडाने) हलक्या हाताने काढा, नाहीतर नव्या प्लगची कड आत जाता जाता तिथेच कापली जाते.

मग थिनर किंवा ब्रेक क्लीनरने पुसून कोरडं करा. तेलकट भोकात सिलंट धरत नाही. कडेच्या पट्ट्यात गंजाचे खड्डे दिसले तर ते नखाने चाचपा. नख अडकत नसेल तर ते रिटेनिंग कंपाउंडने (धातूचे भाग घट्ट धरून ठेवणाऱ्या सिलंटने) भरून निघतात. नख अडकत असेल तर भोक बोअर करून ओव्हरसाइझ प्लग घालावा लागतो. ते काम मशीनशॉपचं.

ड्रिफ्ट

ड्रिफ्ट म्हणजे प्लगवर ठेवून वरून हातोडी मारायचा पोलादी ठोकळा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण बहुतेक प्लग वाया जातात ते चुकीच्या ड्रिफ्टमुळे. ड्रिफ्टने वाटीच्या आत, तळाच्या कोपऱ्याजवळ टेकायला हवं. फार बारीक ड्रिफ्ट, म्हणजे मधोमध ठोकणारा, तळाला आत फुगवतो. तळ खोल गेला की भिंती आत ओढल्या जातात आणि कडेची पकड सैल होते. असा प्लग थंड असताना कोरडा दिसतो आणि इंजिन दाबाखाली तापलं की गळतो, काही वेळा निखळूनही येतो. उलट ड्रिफ्ट आत गच्च बसत असेल तर भोकात जाताना भिंतीला आत दबायला जागाच उरत नाही, आणि ड्रिफ्ट काढताना प्लगही सोबत हलतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कुठलाही लेथवाला साध्या पोलादाच्या गोल बारमधून हा ड्रिफ्ट करून देईल. त्याला मापं अशी सांगा. समजा प्लग ३५ मिमीचा, पत्रा १.२ मिमी, वाटीची उंची १० मिमी. आतला व्यास ३२.६ मिमी होतो, तर ड्रिफ्टचं नाक ३१.५ मिमी ठेवा आणि पुढच्या कडेला साधारण २ मिमीची गोलाई द्या, म्हणजे ते वाटीच्या आतल्या वळणात बसतं. नाकामागे ५० मिमी व्यासाची कॉलर ठेवा. वाटीची आतली खोली ८.८ मिमी, ब्लॉकचा चॅम्फर १.५ मिमी खोल असेल आणि कड त्याच्या खाली आणखी १ मिमी जायला हवी असेल, तर नाकाची लांबी ८.८ अधिक २.५, म्हणजे ११.३ मिमी. कॉलर ब्लॉकला टेकली की प्लग नेमक्या खोलीवर पोचलेला असतो. मागची दांडी १०० ते १२० मिमी पुरे. ब्लॉकचा तेवढा भाग मशीन केलेला नसून ओबडधोबड असेल तर कॉलरवर भरवसा ठेवू नका. तिथे खोली व्हर्नियरनेच बघावी लागेल.

ड्रिफ्ट करून घ्यायला वेळ नसेल तर योग्य मापाचा जुना इम्पॅक्ट सॉकेट एक्सटेन्शनला लावून चालतो, उघडं तोंड प्लगच्या आत ठेवून. चकचकीत क्रोम सॉकेटवर हातोडी मारू नका. त्याचा तुकडा उडतो आणि डोळ्यात जातो. गॉगल दोन्ही वेळी हवाच.

सिलंट आणि ठोकणं

ॲनारोबिक रिटेनिंग कंपाउंड धातूच्या दोन पृष्ठभागांमध्ये हवा न लागता घट्ट होतं, म्हणून या जागेला ते उत्तम. नसेल तर ॲनाबाँडसारखा गॅस्केट सिलंट चालेल. मात्र तो भोकात नव्हे, प्लगच्या भिंतीवर, कडेकडच्या भागात, रंग दिसेल न दिसेल इतका पातळ लावायचा. भोकात लावलेला सिलंट प्लगपुढे ढकलला जातो आणि पाण्यात पडतो. सिलिकॉनचे असे गोळे रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन अडकतात, आणि मग प्लग कोरडा असूनही इंजिन तापतं.

प्लग भोकाच्या तोंडावर ठेवा, ड्रिफ्ट लावा आणि हलक्या दोन-तीन ठोक्यांनी नुसता धरू द्या. इथे थांबून बघा. प्लगची कड ब्लॉकच्या पृष्ठभागापासून चारही बाजूंना सारखीच वर आहे का? व्हर्नियरच्या शेपटीने मोजून घ्या. सरळ असेल तर ८०० ग्रॅम ते १ किलोच्या हातोडीने, दांडी काटकोनात ठेवून, ठाम ठोके द्या. बारीक बारीक वीस ठोक्यांपेक्षा चार-पाच ठाम ठोके चांगले, प्लग डोलत नाही. कॉलर टेकली की आवाज पोकळ राहत नाही, खणखणीत येतो. त्यानंतर एकही ठोका नको.

सुरुवातीलाच तिरका दिसला तर काढून पुन्हा ठेवा. अर्धा आत जाऊन तिरका झाला तर वर राहिलेल्या कडेवर मारून सरळ करू नका. भिंत तोवर ओढली गेलेली असते आणि कड चेपते. तो काढून टाका, दुसरा घ्या. भोकातून एकदा काढलेला प्लग परत वापरायचा नसतो, तो दिसायला कितीही चांगला असो.

शेवटी कड चॅम्फरच्या खाली किमान अर्धा मिलिमीटर, साधारण एक मिलिमीटर गेलेली हवी. चॅम्फरवरच राहिली तर तिला टेकायला भिंत नाही. फार खोल गेली तर प्लगचा तळ पाण्याच्या वाटेत येतो, आणि भिंत पातळ असलेल्या ब्लॉकमध्ये कड मशीन केलेल्या भागाच्या पलीकडेच निघून जाते.

प्लग फ्रीजरमध्ये ठेवून आकसवायची युक्ती बरेच जण सुचवतात. आकडा मांडून पाहा. एप्रिल-मेमध्ये शेडमध्ये ४० अंश आणि फ्रीजरमध्ये उणे १८, म्हणजे फरक ५८ अंशांचा. त्यात ३५ मिमीचा पोलादी प्लग फक्त ०.०२४ मिमीने आकसतो. जादा माप ०.२ मिमीचं असताना एवढ्याने काही साधत नाही, वर थंड प्लगवर दव धरतं आणि सिलंट ओल्या पृष्ठभागावर बसतो. व्हॉल्व्ह गाइड किंवा बुश यांचं जादा माप शतांश मिलिमीटरात असतं, तिथे ही युक्ती खरोखर कामाची आहे.

गाडीत बसलेल्या इंजिनला

स्टार्टर, मॅनिफोल्ड, इंजिन माउंट यांच्या मागच्या प्लगपाशी हातोडी फिरवायला जागा नसते. तिथे ठोकण्यापेक्षा दाबून बसवा. ड्रिफ्टची आखूड आवृत्ती प्लगमध्ये ठेवा. तिच्या मागे पाइपचा तुकडा, पाइपात नट चढवलेला लांब बोल्ट घाला आणि बोल्टचं डोकं चॅसीच्या मजबूत भागाला टेकवा. नट पान्याने फिरवला की बोल्ट बाहेर सरकतो आणि प्लग सावकाश, सरळ आत जातो. मधे लाकूड घालू नका, ते दबतं आणि दिशा बदलते. तेलाचा पाइप किंवा पातळ पत्रा टेकू म्हणून वापरू नका. फ्लायव्हीलच्या मागचा प्लग गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय दिसत नाही. ट्रॅक्टर क्लचसाठी मधून खोलला असेल तेव्हा तोही बदलून घ्या, चांगला दिसत असला तरी.

बशी आणि उलटी वाटी

फुगीर चकतीचं गणित वेगळं. ती भोकातल्या पायरीवर सैल बसते, फुगीर बाजू बाहेर. मधोमध, तिच्या निम्म्या व्यासाच्या गोल तोंडाच्या पंचाने एक ठाम घाव घालायचा. चकती सपाट होते, तिचा व्यास वाढतो आणि ती भिंतीत रुतते. सपाट झाली की थांबा. आत खळगा पडेपर्यंत मारली तर व्यास पुन्हा कमी व्हायला लागतो. उलट्या घडणीच्या वाटीला मात्र मधल्या फुगीर भागावर मारायचं नाही, ती भोकात शिरण्याआधीच पसरते. तिला बाहेरच्या खांद्यावर टेकणारा पोकळ ड्रिफ्ट लागतो.

तपासणी आणि भरणं

रिटेनिंग कंपाउंडला बाटलीवर लिहिलेला वेळ द्या. साधारण एक दिवस दिला तर निश्चिंत. मग पाणी भरून रेडिएटर प्रेशर टेस्टरने कॅपवर छापलेल्या दाबाइतका दाब द्या, त्याहून जास्त नाही, आणि १५ मिनिटं काटा बघा. टेस्टर नसेल तर इंजिन चालवून पूर्ण तापू द्या, बंद करा, आणि पंख्यापासून हात लांब ठेवून प्लगभोवती वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा टेकवा. थेंब जमण्याआधीची ओल कागदावर दिसते. पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा एकदा बघा, कारण काही गळती फक्त थंड इंजिनमध्ये दिसते.

तपासणीचं पाणी काढून टाका आणि इंजिन बनवणाऱ्याने सांगितलेल्या प्रमाणात कूलंट भरा. मिसळायला डिस्टिल्ड वॉटर घ्या. दुकानात बॅटरीचं पाणी मागितलं की कधी कधी ॲसिडची बाटली हातात येते, लेबल वाचूनच घ्या. घरचं आरओचं पाणी कूलंटसोबत चालेल, नुसतं नाही: क्षार नसले तरी गंजरोधक नसलेलं पाणी लोखंड खातंच. भरताना हीटरची किंवा हवा काढायची तोटी असेल तर ती उघडी ठेवा, इंजिन कॅपशिवाय मंद चालवून बुडबुडे थांबू द्या, मग पातळी पूर्ण करून कॅप लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, पातळी पाहून कमी झाली असेल तेवढं कूलंट घाला. आठवडाभरात ती पुन्हा उतरली तर आधी नवे प्लग तपासा, मग होजचे क्लिप.